तिसरीतल्या मुलीचा पर्सेंटाइल 80 वरून 63 वर आला: काळजी नेमकी कशाची करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी तिसरीत. दुसरीत शाळेने घेतलेल्या प्रमाणित चाचणीत गणितात तिचा पर्सेंटाइल 80 होता, यंदा 63 आला. अहवालावर खाली जाणारा लाल बाण आहे. घरात दोन दिवस तोच विषय चालला आणि तेव्हापासून चाचणीचं नाव काढलं की मुलगी पोट दुखतंय म्हणते. आईने विचारलंय, की एवढ्या लहान मुलांसाठी या चाचण्या मुळात चांगल्या की वाईट, आणि आता सराव वाढवायचा का?

मी 26 वर्षं पहिली ते पाचवीच्या मुलांना शिकवतेय. मधली काही वर्षं अशा चाचण्यांचे प्रश्न तयार करणाऱ्या गटातही होते. म्हणजे प्रश्न काढणं आणि त्याच प्रश्नांनी मुलांना घाम फुटताना बघणं, दोन्ही करून झालंय.

तुमचा खरा प्रश्न 'चांगल्या की वाईट' हा नाही, असं मला वाटतं. एक आकडा बदलला, मोठ्यांनी त्याचा एक अर्थ लावला आणि तो अर्थ मुलीने ऐकला. यातली पोटदुखी तेवढी खरी आहे. आकडा बहुधा होता तिथेच आहे. हे कसं, ते आधी सांगते, कारण ते पटल्याशिवाय पुढचं सगळं नुसतं धीर देणं वाटेल.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. 63 पर्सेंटाइल म्हणजे, तिच्या इयत्तेतल्या शंभर मुलांना गुणांप्रमाणे रांगेत उभं केलं तर साधारण 63 मुलं तिच्या मागे आहेत. तिला काय येतं हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं, फक्त रांगेतली जागा असते. आणि या रांगेत मधल्या भागात खच्चून गर्दी असते, टोकांना मुलं विरळ असतात. समजा 40 प्रश्नांची चाचणी आहे, सरासरी गुण 24, प्रमाण विचलन (म्हणजे मुलांचे गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते) 6 आणि आलेख नेहमीसारखा घंटेच्या आकाराचा. इथे 29 गुणांचं मूल 80 पर्सेंटाइलच्या आसपास येतं आणि 26 गुणांचं 63 च्या. म्हणजे सतरा पायऱ्यांची 'घसरण' ही तीन प्रश्नांची गोष्ट. हेच तीन प्रश्न वरच्या टोकाला चुकले असते, 39 चे 36 झाले असते, तर मूल 99 वरून 98 वर आलं असतं आणि अहवालाकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं.

आता ते तीन प्रश्न. कुठल्याही चाचणीच्या गुणांत मापनाची त्रुटी असतेच. वरच्या उदाहरणातल्या चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे तीच चाचणी पुन्हा घेतली तर निकाल किती जुळतील याचं 0 ते 1 मधलं माप, 0.85 धरली, जी शाळेच्या चाचणीसाठी चांगलीच म्हणायची, तरी एकेका मुलाच्या गुणांत प्रमाण त्रुटी, म्हणजे नुसत्या योगायोगाने साधारण होणारा चढउतार, सव्वादोन गुणांच्या थोडी वर येते. दोन वर्षांच्या गुणांची वजाबाकी करताना दोन्ही त्रुटी त्यात मिसळतात, आणि फरकाची त्रुटी तीनच्या पुढे जाते. थोडक्यात, तीन गुणांच्या फरकावरून मूल पुढे गेलं की मागे, हे सांगता येत नाही. त्यात भर म्हणजे एखाद्या वर्षी सरासरीच्या बरेच वर गुण पडले की पुढच्या वेळी ते थोडे सरासरीकडे झुकतातच, कुणाचं काही बिघडलेलं नसतानाही. मागच्या वर्षीच्या 80 मध्ये एखादं नशिबाने बरोबर आलेलं उत्तर असेल. ते कुणी तपासलं नाही, कारण आकडा आवडीचा होता.

ही त्रुटी कित्येक अहवालांत छापलेली असते. शेवटच्या पानावर, बारीक टाइपात. लाल बाण मात्र पहिल्या पानावर असतो.

मग चाचणी घ्यायचीच कशाला? कारण एकट्या मुलाबद्दल डळमळीत असणारा हाच आकडा हजारो मुलांची सरासरी काढली की बऱ्यापैकी स्थिर होतो, एकाची त्रुटी वर आणि दुसऱ्याची खाली अशी ती फिटून जाते. अपूर्णांक कुठल्या भागातल्या मुलांना जमत नाहीत, नव्या पाठ्यपुस्तकाने काही फरक पडला का, हे विचारायला प्रमाणित चाचणीसारखं साधन नाही. त्यासाठी प्रत्येक मुलाला बसवायची गरजही नसते. फिनलंडमध्ये मूलभूत शिक्षणाच्या नऊ वर्षांत देशभरातल्या सगळ्या मुलांची एकच परीक्षा होत नाही. नमुना म्हणून काही शाळा निवडून चाचण्या घेतात, आणि पहिली मोठी राष्ट्रीय परीक्षा उच्च माध्यमिकच्या शेवटी येते. सिंगापूर तर परीक्षांसाठी ओळखलं जाणारं ठिकाण, पण 2019 पासून तिथेही पहिली-दुसरीच्या गुण देणाऱ्या परीक्षा बंद झाल्या.

लहान वयाबद्दल एवढं लक्षात ठेवा, की एकाच वर्गातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मुलात जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं. आठ वर्षांच्या मुलासाठी वर्ष म्हणजे आयुष्याचा आठवा हिस्सा. काही चाचण्या महिन्यांपर्यंत वय धरून गुण समायोजित करतात, काही करत नाहीत. तुमची मुलगी वर्गातल्या लहान मुलांपैकी असेल तर हे आधी विचारून घ्या.

आता जिथे माझा सगळा भर आहे ती गोष्ट: उत्तरपत्रिका. आकडा बाजूला ठेवा आणि चुका वाचा. मला एकदा एकाच वर्गात 26 गुणांची दोन मुलं मिळाली होती. पर्सेंटाइल तोच, रंग तोच, शेरा तोच. पहिल्याच्या पेपरात 52 − 38 चं उत्तर 26 होतं आणि 304 − 178 चं 274. नीट बघा, ही अंदाजाने ठोकलेली उत्तरं नाहीत. प्रत्येक घरात तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होता, कुठला वर आहे आणि कुठला खाली याची फिकीर न करता. आठातून चार गेले चार, सातातून शून्य गेलं सात, तिनातून एक गेला दोन. त्याच्यापुरता नियम पक्का होता. हातच्याची वजाबाकी असलेलं प्रत्येक गणित चुकलं, बाकी जवळजवळ सगळी बरोबर. पर्यायी उत्तरांत 274 आम्ही मुद्दाम ठेवायचो, नेमकं हेच मूल पकडण्यासाठी. पण शाळेला कळवताना त्याचे फक्त गुण कळवले जायचे, 274 कुणीच कळवत नव्हतं. या मुलाला मी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे दिले. 52 काड्यांतून 38 मला दे म्हटलं. त्याने तीन गठ्ठे दिले, दोन सुट्या काड्या दिल्या, आणि मग हातातल्या उरलेल्या दोन गठ्ठ्यांकडे बघत बसला. बराच वेळ बसला. शेवटी एका गठ्ठ्याचं रबर काढलं. पुढचे दोन आठवडे आम्ही तेच करत होतो, दशक सुटा करायचा. नंतर काड्यांची गरज उरली नाही.

दुसऱ्या मुलीने पहिले 28 प्रश्न सोडवले होते, त्यातले 26 बरोबर. शेवटचे बारा कोरे. तिला शिकवण्यासारखं मला काहीच सापडलं नाही. ती प्रत्येक गणित दोनदा करून पाहायची आणि अंक काढायलाही वेळ घ्यायची. तिच्या घरी मात्र त्याच 26 गुणांसाठी गणिताची जादा शिकवणी लावली गेली.

असे आणखी नमुने आहेत. एका मुलाने अकरावा प्रश्न सोडून दिला पण उत्तरपत्रिकेवर अकरावी ओळ सोडली नाही, त्यामुळे बाराव्याचं उत्तर अकराव्यात, तेराव्याचं बाराव्यात, असे शेवटपर्यंत गोल काळे केले. एका मुलीला उताऱ्याला शीर्षक निवडायचं होतं. 'हरवलेला चेंडू' हे अपेक्षित उत्तर, तिने 'मोठं मैदान' निवडलं. का, असं विचारल्यावर म्हणाली, "चेंडू शेवटी सापडला ना? मग हरवलेला कसा?" मला यावर उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

घरी करून पाहण्यासारखी एक सोपी युक्ती आहे. चुकलेली शाब्दिक उदाहरणं तुम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवा, काहीही न समजावता. ऐकून ती पटकन सोडवत असेल तर अडचण गणितात नाही, वाचनात आहे. छापील गणिताच्या चाचणीत गणिताइतकंच वाचन मोजलं जातं. घरची भाषा आणि चाचणीची भाषा वेगळी असेल तर हे फारच ठळकपणे दिसतं.

एवढ्या साध्या गोष्टी शाळा स्वतःहून का करत नाहीत? काही करतात. जिथे होत नाहीत तिथे बहुतेक वेळा त्या आकड्यावर मोठ्यांचं काहीतरी टांगलेलं असतं. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन अभ्यासकाने 1970 च्या दशकात लिहून ठेवलंय, की एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय घ्याल तितका तो आकडा भ्रष्ट होण्याचा दबाव वाढतो, आणि ज्या कामावर लक्ष ठेवायला तो नेमला तेच काम तो वाकडं करतो. अमेरिकेने 2002 साली अमलात आणलेल्या कायद्यात तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दर वर्षी वाचन आणि गणिताची चाचणी सक्तीची केली, आणि 2014 पर्यंत शंभर टक्के मुलं प्रवीण झाली पाहिजेत असं ठरवलं. तोवर दर वर्षीचं उद्दिष्ट न गाठणाऱ्या शाळांवर कारवाई ठेवली. वाचन आणि गणिताचे तास वाढले. ते कुठून तरी यायला हवेत, म्हणून विज्ञान, इतिहास, चित्रकला आणि मधली सुट्टी कापली गेली. अटलांटा शहरात 2011 च्या सरकारी चौकशीत 44 शाळांमधले 178 शिक्षक आणि मुख्याध्यापक उत्तरपत्रिकांच्या फेरफारात गुंतलेले निघाले. मुलांची चुकीची उत्तरं खोडून तिथे बरोबर उत्तरं भरली जात होती. 2015 मध्ये तो कायदा बदलला. वार्षिक चाचण्या राहिल्या, पण त्यांच्या निकालावर काय करायचं हे बरंचसं राज्यांवर सोपवलं गेलं.

गुन्ह्यापर्यंत न जाणारं, पण माझ्या मते जास्त बोलकं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. तिथे 2012 पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची अक्षर-ध्वनींची चाचणी होते. मूल आपल्याच शिक्षकाला 40 शब्द वाचून दाखवतं, त्यातले निम्मे निरर्थक. (चांगलं वाचणारी काही मुलं त्या निरर्थक शब्दांना ओढूनताणून खऱ्या शब्दात बसवतात आणि चुकतात, तो वेगळाच किस्सा.) उत्तीर्ण व्हायला 32 लागायचे आणि हे शिक्षकांना आधी माहीत होतं. पहिल्या दोन वर्षांच्या निकालात 31 वर फार थोडी मुलं आणि 32 वर एकदम मोठा डोंगर. 2014 मध्ये सीमारेषा आधी जाहीर केली नाही आणि तो डोंगर बराचसा ओसरला. यात कुणी खलनायक नाही. समोर सहा वर्षांचं मूल आहे, एक शब्द अर्धवट म्हटलाय आणि एकाच गुणाची कसर आहे. तिथे मी असते तर काय केलं असतं, हे मला ठाऊक आहे.

कारण मीही काही फार वेगळी वागलेली नाही. एका वर्षी शाळेत वर्गवार सरासरीचे तक्ते भिंतीवर लागले. त्या वर्षी मी शुक्रवारचा गोष्टीचा तास बंद केला आणि त्या जागी सराव घेतला. त्याहून वाईट म्हणजे, सीमारेषेच्या जरा खाली असलेली पाच मुलं हेरली आणि महिनाभर माझा जादा वेळ सगळा त्यांनाच दिला. जी फार मागे होती ती 'यंदा होणारच नाहीत' म्हणून राहिली, जी पुढे होती ती 'होतीलच' म्हणून राहिली. निकाल चांगला लागला. माझं कौतुक झालं. मागे राहिलेल्यांपैकी एक मुलगी पुढच्या वर्षीही जोडाक्षरांपाशीच अडत होती.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर हे सगळं चाचण्यांविरुद्धचं भाषण वाटेल. माझ्या वर्गात एक शांत मुलगा होता. अक्षर मोत्यासारखं, वह्या पूर्ण, शेजाऱ्याशी भांडण नाही. तो ठीक वाचतो असं मी वर्षभर धरून चालले होते. बाहेरून आलेल्या चाचणीत वाचनात तो जवळजवळ तळाला निघाला. बसवून वाचून घेतलं तेव्हा कळलं, की तो फळ्यावरचं चित्रासारखं उतरवत होता आणि मोठ्याने वाचताना शेजारच्याच्या अर्धा सेकंद मागे राहून वाचत होता. शिक्षकाच्या नजरेलाही आवडीनिवडी असतात. गोड, नीटनेटकी मुलं आम्हाला हुशार वाटतात आणि चुळबुळ करणारी मुलं वाटत नाहीत. चाचणीला चेहरा दिसत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये तेओदोर सिमाँ यांच्याबरोबर आपली प्रसिद्ध बुद्धिमापन चाचणी केली ती याच कामासाठी, कुठल्या मुलांना वेगळी मदत लागेल हे शोधायला.

शिवाय आठवायला लावणारी छोटी, गुणांचं ओझं नसलेली चाचणी शिकण्यालाच मदत करते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग आहे: उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने, वाचून झाल्यावर आठवून लिहायला लावलेल्यांनी त्यांना मागे टाकलं. माझ्या वर्गात रोज सकाळी कालच्या धड्यावर तीन प्रश्न असतात. उत्तरं मुलं स्वतःच तपासतात, कागद मी गोळाही करत नाही. त्याने कुणाचं पोट दुखल्याचं आठवत नाही.

आतापर्यंतचं एका ओळीत: मोठ्या गटासाठी आकडा उपयोगी, एका मुलासाठी तिच्या चुका उपयोगी, आणि आकड्यावर मोठ्यांचं भवितव्य टांगलं की दोन्ही बिघडतात.

माझा सल्ला बदलेल अशा काही परिस्थिती आहेत. या चाचणीवर वरच्या वर्गात जाणं किंवा प्रवेश अवलंबून असेल, तर तीन गुणांना व्यवहारात किंमत आहे आणि तिला चाचणीची ओळख करून द्यायलाच हवी. सलग दोन-तीन चाचण्यांत गुण बरेच खाली असतील आणि शिक्षकांचंही तेच निरीक्षण असेल, तर 'आकड्याला अर्थ नाही' म्हणून गप्प बसू नका. तोंडी सगळं येतं आणि कागदावर काहीच उतरत नाही, तिसरी संपत आली तरी अक्षर-अक्षर जोडत वाचतेय, फळ्यावरचं उतरवताना डोळे बारीक करते, अशी चिन्हं असतील तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग वाचनातल्या अडचणींची तज्ज्ञांकडून तपासणी. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही दिसत नाही.

सरावाचं म्हणाल तर दोन जुन्या प्रश्नपत्रिका पुरेत, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी. चाचणीच्या रूपाची सवय पहिल्या एक-दोन पेपरांतच होते: गोल कसे काळे करायचे, न येणारा प्रश्न सोडून पुढे जायचं आणि ओळही सोडायची, शेवटची पाच मिनिटं कशाला ठेवायची. त्यापुढचा सराव गणित शिकवत नाही. घड्याळ फक्त दुसऱ्या पेपरला लावा.

आणि पोटदुखी. तिला ढोंग म्हणू नका. घाबरलेल्या मुलाचं पोट खरंच दुखतं. गणित करताना मनात जे आकडे धरून ठेवायचे असतात ती जागा लहान असते, आणि 'चुकलं तर आई काय म्हणेल' हा विचार त्यातच येऊन बसतो. मग येणारं गणितही चुकतं. वर्गात मला हे खोडरबरावरून कळतं. बरोबर उत्तर लिहून, खोडून, तेच पुन्हा लिहून, पुन्हा खोडून कागदाला भोक पडलेलं असतं. अशा मुलाला "काही काळजी करू नकोस" म्हटलं तर त्याला फक्त एवढंच कळतं, की काळजी करण्यासारखं काहीतरी आहे. त्यापेक्षा तिला तो अहवाल दाखवा आणि तीन प्रश्नांचा हिशोब तिच्यासमोर करा, आठ वर्षांच्या मुलीला रांगेची गंमत छान समजते. मग चुकलेल्यातलं एकच गणित तिला तुम्हाला शिकवायला सांगा. ती कुठे अडते ते बघा आणि त्या दिवशी तिथेच थांबा. आठवडाभर घरात पाहुण्यांसमोर, फोनवर, जेवताना 63 हा आकडा निघू देऊ नका. सुट्टीच्या दिवशीही पोट दुखत राहिलं, रात्री झोपमोड होऊ लागली किंवा दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

शिक्षकांना भेटाल तेव्हा पर्सेंटाइल काढूच नका. "वजाबाकीत ती कुठल्या प्रकारची चूक करते?" एवढंच विचारा. नेमकं उत्तर आलं तर त्या शिक्षकांवर विश्वास ठेवा आणि ते सांगतील तसं करा. नुसतं "सराव वाढवा" असं उत्तर आलं, तर उत्तरपत्रिका पाहायला मागा, आणि कच्च्या कामाचा कागद कुणी जपून ठेवला असेल तर आधी तो.